सेवाग्राम ते सेमाडोह : वाय-फाय कुठे, डेटा कुठे

डिसेंबरात वर्धा, अमरावती आणि मेळघाट असा दौरा करून आम्ही नुकतेच परतलो. आम्ही म्हणजे मी, आई आणि माझी भाची. आईला सेवाग्राम बघायचं होतं, भाचीला जंगल. मला ऑफिसच्या काही फाइली वेळेत पाठवायच्या होत्या. त्यातच भाचीच्या एका परीक्षेचा ऑनलाइन अर्ज भरायची मुदत नेमकी याच दिवसांत संपत होती. त्यामुळे मोबाईलचा डेटा वापरायचा की जिथे मिळेल तिथला फुकटचा वाय-फाय, हा प्रश्न रोज पुढ्यात येत होता. शहरात याचं उत्तर कसंही दिलं तरी निभतं, मेळघाटातल्या धारणीच्या रस्त्यावर निभत नाही. म्हणून प्रवासाबरोबर तेही सविस्तर लिहिते आहे.

शुक्रवार : वर्धा, सेवाग्राम

पुण्याहून रात्रीची गाडी पकडून सकाळी वर्ध्याला उतरलो. प्लॅटफॉर्मवर धुकं होतं आणि पुण्याच्या मानानं थंडी चांगलीच जाणवत होती. बाहेर पडायच्या आधी बाकावर बसून स्टेशनचा रेल्वायर वाय-फाय जोडला. रेल्वे स्टेशनांवर ही सोय जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झाली आणि आता देशात सहा हजारांहून जास्त स्टेशनांवर आहे. रोज पहिली ३० मिनिटं फुकट मिळतात, पण वेग १ एमबीपीएसपर्यंतच. हिशोब केला तर अर्ध्या तासात जास्तीत जास्त सव्वादोनशे एमबी उतरतं, प्रत्यक्षात त्याहून कमीच. सिनेमासाठी ते पुरत नाही, पण अमरावती जिल्ह्याचा ऑफलाइन नकाशा त्यात आरामात मावला.

एक गोष्ट मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. हा वाय-फाय सुरू करायला मोबाईल नंबर टाकावा लागतो आणि त्यावर ओटीपी येतो. म्हणजे फुकटच्या वाय-फायसाठीही सिम चालू आणि रेंजमध्ये असायला हवं. परदेशातून आलेले पाहुणे सोबत असतील तर त्यांच्या तिकडच्या नंबरवर ओटीपी येईल याची खात्री नसते. त्यांना इथलं सिम आधीच घेऊन द्या.

स्टेशनबाहेर तर्री पोहे खाल्ले. पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री, वर कच्चा कांदा आणि बारीक चिरलेला सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर. आईनं तर्री वेगळ्या वाटीत मागितली, तर गाडीवाल्या काकांनी तिच्याकडे काळजीनं पाहिलं. "माय, निस्ते पोहे घशात अडकतीन. थोडी थोडी घ्या, लागलं तर पाणी हाये," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं दोन चमचे वर घातली.

सेवाग्राम आश्रमात आम्ही दुपारपर्यंत रमलो. गांधीजी १९३६ मध्ये या गावी राहायला आले. आदि निवास, बा कुटी, बापू कुटी, आखरी निवास, सगळं मातीचं, बांबूचं आणि कौलारू. भिंतींचा गारवा हाताला जाणवतो. बापूंच्या दफ्तरात एक जुना टेलिफोन जपून ठेवला आहे. व्हाईसरॉय लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून तो इथे बसवला होता. शेजारीच साप पकडायचा लाकडी चिमटा आहे. साप न मारता पकडून लांब सोडून देत असत. भाची त्या टेलिफोनसमोर बराच वेळ उभी होती. तेव्हा इथे पक्का रस्ताही नसेल, तरी दिल्लीची तार या झोपडीपर्यंत आली, याचं तिला फार आश्चर्य वाटत होतं. मलाही वाटलं. कुणाला ज्याच्याशी बोलायची गरज आहे, त्याच्या दारापर्यंत तार पोचते, हे त्या खोलीत उभं राहिल्यावर फार स्पष्ट दिसतं.

निघताना वर्ध्याच्या गोरस भांडाराचा गोरसपाक घेतला. पुढच्या सगळ्या प्रवासात चहाबरोबर तोच होता.

शनिवार : आर्वी, मोझरी, अमरावती

वर्ध्याहून गाडी ठरवून आर्वीमार्गे तळेगाव गाठलं आणि तिथून नागपूर-अमरावती महामार्गाला लागलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस आणि मध्ये तुरीच्या ओळी. जिनिंगच्या दारात कापसाच्या गाड्या रांगेनं उभ्या. ड्रायव्हर दादा मूळचे अचलपूरचे. माझ्या फोनमध्ये एकच सिम आहे हे कळल्यावर त्यांनी गाडी चालवता चालवताच समजावलं. "ताई, हे परतवाड्यापर्यंत मस्त चालते. घाट चढला का कुठी येते, कुठी नाही. दुसऱ्या कंपनीचं एक घेऊन ठेवा. नाहीतर वरते फोन म्हणजे निस्तं घड्याळ होऊन जाते."

अमरावतीत पोचल्यावर पहिलं काम तेच केलं. दुकानदारानं आधार बघून, फोटो काढून तासाभरात दुसरं सिम चालू करून दिलं. पूर्ण विदर्भ महाराष्ट्र सर्कलमध्येच येतो, त्यामुळे पुण्या-कोल्हापूरच्या सिमला इथे वेगळे पैसे पडत नाहीत. प्रश्न दराचा नाहीच, टॉवर कुणाचा आहे याचा आहे. एका खोऱ्यात एका कंपनीचा टॉवर असतो, पुढच्या वळणावर दुसरीचा. मेळघाटला जाणार असाल तर कोणती कंपनी सर्वांत चांगली हे विचारू नका. दोन वेगवेगळ्या घ्या, आणि त्यातली एक तुमच्या मुक्कामाच्या गावात चालते एवढं तिथे फोन करून विचारा. नवीन फोनमध्ये डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर वळवायची सोय असते, ती चालू करून ठेवा.

वाटेत मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज आश्रमात थांबलो. तिथल्या एका आजोबांनी आईला पूर्ण परिसर फिरून दाखवला, आणि आईनं त्यांना तिच्या वडिलांच्या भजनी मंडळाच्या आठवणी सांगितल्या. दोघांनी मिळून खंजिरीवरचं एक भजन म्हटलं. भाचीनं ते रेकॉर्ड केलं आणि तिथल्या तिथे मावशीला पाठवायला घेतलं. महामार्गाला लागून असल्यामुळे डेटा जोरात होता, तासाभराच्या आत मावशीचा रडक्या आवाजात फोन आला.

रात्री अमरावतीत गिला वडा खाल्ला. मऊ वडा, वर दही-चटण्या आणि तिखट. वऱ्हाडात आलात आणि हा खाल्ला नाहीत तर परत या, एवढंच म्हणेन.

रविवार : परतवाडा, चिखलदरा

परतवाडा सोडल्यावर घाट लागतो आणि हवा बदलते. चिखलदरा हे विदर्भातलं एकमेव थंड हवेचं ठिकाण, समुद्रसपाटीपासून साधारण १,१०० मीटर उंच. इथे कॉफीचे मळे आहेत हे महाराष्ट्रातल्या पुष्कळांना ठाऊक नसतं. भीमकुंडाच्या कड्यावर वारा इतका होता की आईची शाल दोघींनी धरून ठेवावी लागली. गाविलगड किल्ल्याचा दरवाजा आणि तलाव बघायला दुपार गेली. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेनं हा किल्ला घेतला होता. तटावर उभं राहिल्यावर खालचं वऱ्हाडचं मैदान दिसतं, आणि हा किल्ला ज्याच्या हाती त्याच्या हाती खालची वाट हे न सांगता कळतं. गडावर एका कोपऱ्यात चांगली रेंज होती, चार पावलं सरकलं की शून्य. तिथे फोन खिशात ठेवून फिरलो.

मोथ्याच्या वाटेवर गवळ्यांची दुकानं आहेत. कढईत दूध आटत होतं आणि त्याचा वास रस्त्यावर येत होता. तीन द्रोण रबडी घेतली. पैसे द्यायला क्यूआर कोड स्कॅन केला आणि चक्र फिरत राहिलं. बँकेचा पैसे कापल्याचा मेसेज आला, पण दुकानातला स्पीकर काही बोलला नाही. गवळी मावशी शांतपणे म्हणाल्या, "राहू द्या जी, येतीन उद्यापर्यंत. नाही आले तर परत जाताना देजा." मी रोख पैसे दिले. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे खात्यातून कापलेले पण दुकानदाराला न पोचलेले यूपीआयचे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत जमा व्हायला हवेत, नाहीतर बँकेला दर दिवशी १०० रुपये भरपाई द्यावी लागते. माझे दुसऱ्याच दिवशी आले. पण अशा वेळी समोरच्या छोट्या दुकानदाराला पाच दिवस ताटकळत ठेवणं बरोबर नाही. घाट चढण्याआधी परतवाड्यात एटीएममधून पैसे काढा, त्यातही दहा-वीसच्या नोटा जास्त घ्या. इंटरनेटशिवाय \*९९# डायल करूनही बँकेचा व्यवहार होतो, मर्यादा ५,००० रुपयांची आहे. मात्र त्याला रेंज लागतेच, आणि आपल्या सिमवर तो चालतो का हे घरूनच तपासून घ्या.

आता लॉजच्या वाय-फायबद्दल. खोली घेतानाच फलकावर मोठ्या अक्षरांत 'मोफत वाय-फाय' लिहिलं होतं, पासवर्ड काउंटरवरच्या पुठ्ठ्यावर. संध्याकाळी सगळे पर्यटक पॉइंट बघून परतले आणि वेग घसरला. मालकांना विचारलं तेव्हा त्यांनी मोकळेपणानं सांगितलं की इथे केबल नाही, सिमवाला राउटर आहे. म्हणजे आम्ही ज्याला वाय-फाय म्हणत होतो तो एका कंपनीचा मोबाईल डेटाच होता, फक्त वीस खोल्यांत वाटलेला. माझ्या दुसऱ्या सिमवर त्याच वेळी त्याहून बरा वेग होता. लहान गावात मुक्काम ठरवताना हा एक प्रश्न जरूर विचारा : वाय-फाय केबलचा की सिमचा? सिमचा असेल तर त्याच्यासाठी जास्त पैसे मोजू नका. आणि लाइट गेली की राउटर बंद पडतो, टॉवरला मात्र बहुतेक वेळा बॅटरी असते. रात्री लाइट गेली तेव्हा हेच झालं.

त्या वाय-फायचा एक फायदा मात्र खरा झाला. आमची खोली दरीच्या बाजूला होती आणि आत आईच्या फोनला रेंजच नव्हती. फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू केलं आणि आई मावशीशी तासभर साध्या कॉलवर बोलली. रेंज नाही पण वाय-फाय आहे अशा खोलीत ही सोय फार उपयोगी पडते.

भाचीचा अर्ज सोमवारी पहाटे भरला. पहाटे, कारण तेव्हा टॉवरवर गर्दी नसते. फोटो आणि सही आधीच लहान करून फोनमध्ये ठेवली होती. आम्ही गच्चीवर गेलो, मी माझ्या फोनचा हॉटस्पॉट पासवर्ड लावून चालू केला आणि तिनं लॅपटॉपवर अर्ज भरला, फीही भरली. थंडीनं तिची बोटं आखडत होती, आईनं खालून चहा आणि गोरसपाक पाठवला. पावती आली तेव्हा दरीत नुकतं उजाडत होतं.

फी लॉजच्या वाय-फायवर भरायला मी नकार दिला होता, त्याचं कारण तिला दिलं तेच इथे लिहिते. बँकेची अॅप आणि पत्ता https ने सुरू होणाऱ्या साइट आपला मजकूर सांकेतिक करूनच पाठवतात, त्यामुळे शेजारच्या खोलीतल्या माणसाला आपला पिन सहज दिसेल असं नाही. खरा धोका नकली नेटवर्कचा आहे. लॉजच्या किंवा स्टेशनच्या नावासारखंच नाव ठेवून कुणीही नेटवर्क चालू करू शकतं आणि खोटं लॉगिन पान दाखवून नंबर, पासवर्ड, ओटीपी गोळा करू शकतं. म्हणून नेटवर्कचं नेमकं नाव माणसाला विचारून जोडा. वाय-फायसाठी अॅप टाकायला किंवा कार्डाचा नंबर द्यायला सांगितलं तर तिथेच थांबा. निघताना ते नेटवर्क फोनमधून काढून टाका. आणि पैशाचं काम, कुणी काहीही म्हणो, आपल्या सिमच्या डेटावरच करा. एका व्यवहाराला डेटा अगदी थोडा लागतो. तेवढ्यासाठी फुकटचं शोधण्यात काहीच हशील नाही.

सोमवार : सेमाडोह, हरिसाल

चिखलदऱ्याहून सेमाडोहकडे उतरताना सागाचं जंगल सुरू होतं. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक, १९७३-७४ सालचा. सिपना नदीचं पाणी खडकांमधून वाहताना दिसलं आणि भाचीनं गाडी थांबवायला लावली. रेंज गेली होती. दोन्ही सिमची. मी फोन फ्लाइट मोडवर टाकला, कारण नेटवर्क शोधत राहिलेला फोन बॅटरी फार लवकर संपवतो. जीपीएस तरीही चालतं, ते उपग्रहांकडून येतं, सिमकडून नाही. वर्धा स्टेशनवर उतरवलेल्या नकाशावर आमचा निळा ठिपका जंगलातून बिनचूक सरकत होता.

सेमाडोहला चहाच्या टपरीवर एक आशा ताई, म्हणजे गावपातळीवरच्या आरोग्य स्वयंसेविका, भेटल्या. कोरकू आहेत, आमच्याशी मराठीत बोलत होत्या, टपरीवाल्याशी कोरकूत, ड्रायव्हर दादांशी हिंदीत. त्यांच्या पिशवीत गरोदर बायकांच्या नोंदींचं रजिस्टर आणि सुती रुमालात गुंडाळलेला मोबाईल होता. नोंदी आधी वहीत करायच्या आणि मग ऑनलाइन भरायच्या. त्यांच्या पाड्यावर नेट नाही, म्हणून आठवड्यातून काही वेळा त्या रेंज असलेल्या जागेपर्यंत चालत येतात. त्यांनी आम्हाला पुढच्या रस्त्यावरच्या जागा अशा सांगितल्या की मी त्या वहीत उतरवून घेतल्या : अमुक पुलाच्या अलीकडे फक्त बोलणं होतं, चढावरच्या मोहाच्या झाडापाशी नेट येतं, पण दुपारनंतर मंद, सकाळी चांगलं. "मेसेज जातो तिथं नेट जाईलच असं नाही," त्या म्हणाल्या. "कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर आम्ही व्हॉट्सॲप करत नाही. फोन लावतो, नाही लागला तर साधा मेसेज टाकतो. तो लवकर जातो."

हे त्यांनी अनुभवातून शोधलेलं आहे आणि तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर आहे. साध्या एसएमएसला इंटरनेट लागत नाही, बोलण्यापुरता अशक्त सिग्नलही पुरतो. मेळघाटात जाणाऱ्या प्रत्येकानं घरच्यांना हे सांगून जावं : व्हॉट्सॲपवर एकच टिक दिसली तर घाबरू नका, एसएमएसची वाट बघा. आमच्या घरी मी तसंच सांगितलं होतं. संध्याकाळी 'पोचलो, सगळे ठीक' एवढा एसएमएस पुलाच्या अलीकडून पाठवला.

आईनं त्यांच्याबरोबर फोटो काढला. फोटो पाठवा म्हणून त्यांनी नंबर दिला.

दुपारी हरिसालला गेलो. २०१६ मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजवलेलं हेच गाव. टीव्ही वाहिन्यांसाठी राखलेल्या लहरींपैकी रिकाम्या पट्ट्यांतून इंटरनेट आणायचं, अशी ती कल्पना होती. त्या लहरी झाडा-डोंगरांतून नेहमीच्या वाय-फायपेक्षा लांब जातात, म्हणून असा भूभाग निवडला. दूरच्या डॉक्टरांचा सल्ला इथल्या दवाखान्यात मिळावा हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. मला हे गाव बघायचंच होतं. बाजारात फिरलो, ज्वारीची भाकरी आणि सोल्याची भाजी खाल्ली. सोले म्हणजे तुरीच्या ओल्या शेंगांतले दाणे, या दिवसांतच मिळतात. वाढणाऱ्या ताईंच्या मुलानं खिशातून मोबाईल काढून दाखवला. तो नागपूरच्या एका शिकवणीचे व्हिडिओ बघून पोलीस भरतीचा अभ्यास करत होता. बघत म्हणजे, सकाळी रेंज चांगली असते तेव्हा उतरवून ठेवायचे आणि रात्री घरी बघायचे. रोजच्या दीड जीबीतला किती कशाला द्यायचा याचं त्याचं नियोजन पक्कं होतं. मला त्या मुलाचं मनापासून कौतुक वाटलं. आम्ही शहरातले लोक डेटा संपवतो. त्याच्यासाठी प्रत्येक एमबी म्हणजे परीक्षेची तयारी होती.

रात्री सेमाडोहला मुक्काम. खोलीत कसलंच नेटवर्क नव्हतं आणि त्याची उणीव भासली नाही. जेवणानंतर शेकोटीपाशी बसलो, दूर कुठेतरी चितळाचा इशारा ऐकू आला, मग भाचीनं रात्रभर झोपायचं नाही असं जाहीर केलं आणि दहा मिनिटांत झोपली. सफारी करणार असाल तर तिकीट आणि ओळखपत्राची छापील प्रत जवळ ठेवा. गेटवर उभं राहून ईमेल उघडायची वेळ येऊ देऊ नका.

मंगळवार : परतवाडा, बडनेरा

परत येताना मोथ्याला थांबून मावशींना त्यांचे पैसे माझ्याकडे परत आल्याचं सांगितलं आणि पुन्हा रबडी घेतली. या वेळी रोखीनंच. परतवाड्यात उतरल्याबरोबर फोन भराभर वाजू लागले. ऑफिसच्या फाइली गाडीतूनच डेटावर पाठवल्या. त्या लहान होत्या, तेवढ्यासाठी वाय-फायची वाट बघत बसायची गरज नव्हती.

बडनेऱ्याला गाडीला वेळ होता. स्टेशनच्या वाय-फायवर निवडक फोटो वर चढवले, कारण दिवसाचा डेटा संपत आला होता आणि कोटा रात्री बारालाच नव्यानं सुरू होतो. ज्यांना जास्त काम आहे त्यांनी रेल्वायरची सशुल्क योजना घ्यावी, ती १० रुपयांपासून सुरू होते आणि वेगही पुष्कळ वाढतो.

आशा ताईंना आईबरोबरचा फोटो तिथूनच पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं : फोटो छान आहे, पण फ्रेम करायला दिला तर दुकानदार म्हणतो फुटतो आहे, मोठा पाठवा. व्हॉट्सॲप फोटो बारीक करून पाठवतं, म्हणून घरच्या वाय-फायवरून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवला आणि सकाळी मोहाच्या झाडापाशी असताना उतरवून घ्या असं सोबत लिहिलं.